तळतळाट कुणी ऐकायचा? जपानी भयपट आणि त्यांचे चाहते



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला दाराशीच गाठलं आणि विचारलं, "सर, तुम्ही सौंदर्यशास्त्रावर एवढं बोलता, तर एकच सांगा. जपानी भयपटांतला सगळ्यांत भीतिदायक कोणता?" त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण तो त्या मुलाचा एकट्याचा नाही. या चित्रपटांचे चाहते जगभर आहेत, आणि त्यांच्या गप्पांची सुरुवात बहुतेक वेळा याच प्रश्नाने होते. पुष्कळदा शेवटही इथेच होतो. म्हणून आज त्या प्रश्नालाच धरून बोलू. उत्तर शेवटी देऊच, पण मधल्या वेळात प्रश्न थोडा बदलून घेऊ.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. चित्रपटांचे शेवट सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही. ज्यांना आधी बघायचे आहेत त्यांनी बघून यावं आणि मग ऐकावं. आम्हाला राग येणार नाही.

सुरुवात 'रिंगू'पासून करू. दिग्दर्शक हिदेओ नाकाता. 31 जानेवारी 1998 रोजी हा चित्रपट जपानमध्ये लागला. त्याचा आधार कोजी सुझुकी यांची 1991 सालची कादंबरी. गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. एक व्हिडिओ कॅसेट आहे. ती पाहिली की फोन वाजतो, आणि पाहणारा सात दिवसांनी मरतो. रेइको नावाची पत्रकार या अफवेच्या मागे लागते आणि स्वतःच ती कॅसेट बघून बसते. मग तिचा घटस्फोटित नवरा र्‍यूजी बघतो. आणि एका रात्री तिचा लहान मुलगा योइचीसुद्धा बघतो. आता सात दिवसांत तोड काढायची आहे.

शोध घेता घेता दोघं ओशिमा बेटावर पोचतात. तिथे शिझुको नावाची एक स्त्री होती. तिला अतींद्रिय शक्ती आहे असा बोलबाला झाला. वार्ताहरांसमोर तिची जाहीर परीक्षा घेतली गेली, लबाड म्हणून तिच्यावर ओरडण्यात आलं, आणि शेवटी तिने ज्वालामुखीच्या मुखात उडी घेतली. तिची मुलगी सादाको. या सादाकोला डोक्यात घाव घालून विहिरीत ढकललं ते एका डॉक्टरने, ज्याला सगळे तिचा बाप समजत. ती लगेच मेलीसुद्धा नाही. विहिरीच्या भिंतीवर तिच्या नखांच्या खुणा आहेत.

आता इथे थांबून जपानी परंपरेतली एक कल्पना समजून घ्यायला हवी. तिला 'ओनर्‍यो' म्हणतात. ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याचं गाऱ्हाणं कुणी ऐकलं नाही, अशा मृताचा संतप्त आत्मा. मराठीत नुसतं 'भूत' म्हणून याचं भागत नाही. आपला 'तळतळाट' हा शब्द जास्त जवळ जातो. तळतळाट लागतो तो कुणाच्या तरी दुखावलेल्या जिवाचा. त्यामागे एक माणूस असतो आणि त्याचा एक हिशेब चुकता व्हायचा राहिलेला असतो.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सुगावारा नो मिचिझाने. नवव्या शतकातला मोठा विद्वान, दरबारात मंत्रिपदापर्यंत पोचलेला. राजकारणात प्रतिस्पर्ध्यांनी काटा काढला आणि 901 साली त्याला राजधानीपासून दूर, दाझाइफूला धाडलं. 903 साली तो तिथेच मेला. पुढे त्याच्या विरोधकांच्या घरांत मृत्यू होऊ लागले, 930 साली राजवाड्यावर वीज कोसळली, आणि लोक म्हणाले, हा मिचिझानेचा कोप. या काळात काय केलं? त्याची शिक्षा रद्द केली, पद मरणोत्तर परत दिलं, क्योतोमध्ये कितानोला त्याचं देऊळ उभं राहिलं. आज तो विद्येचा देव आहे. जपानी मुलं परीक्षेआधी त्याच्याकडे जातात. म्हणजे भीतीची भक्ती झाली. पण मधली पायरी विसरू नका मंडळी. देऊळ आणि उत्सव हे पुरेसे नव्हते. ज्यांच्या नावाने अन्याय झाला त्यांना तो मान्यही करावा लागला.

मिचिझाने मंत्री होता. बायकांच्या वाट्याला हे इतकं सहज आलं नाही. त्यांच्या वाट्याला रंगभूमी आली. 1825 साली त्सुरुया नानबोकु याने 'योत्सुया काइदान' हे काबुकी नाटक एदो शहरात आणलं. त्यातली ओइवा नवऱ्याच्या स्वार्थापायी विष पिते, तिचा चेहरा विद्रूप होतो, केस विंचरताना मूठमूठ गळतात. तोक्योच्या योत्सुया भागात तिच्या नावाचं छोटं देवस्थान आहे, आणि नाटक किंवा चित्रपट करण्याआधी नटमंडळी तिथे जाऊन नमस्कार करून येतात. दुसरी ओकिकु, मालकाच्या घरची मोलकरीण. तिला मारून विहिरीत टाकलं, आणि रात्री विहिरीतून तिचा आवाज येतो. दहा तबकड्या मोजायच्या असतात, ती नऊपर्यंत येते आणि हंबरडा फोडते. हिमेजीच्या किल्ल्यात आजही तिच्या नावाची विहीर दाखवतात. सुटे काळे केस, पांढरं वस्त्र, विहीर. सादाकोचा सगळा साज या बायकांकडून आलेला आहे.

आता 'रिंगू'कडे परत येऊ. रेइको नेमकं तेच करते जे परंपरा सांगते. ती विहिरीत उतरते, हाडं शोधते, आणि त्या कवटीला एखाद्या लेकरासारखं उराशी धरते. तिची मुदत टळते. ती जिवंत राहते. आपल्याला वाटतं, झालं, आत्मा शांत झाला. आणि दुसऱ्या दिवशी र्‍यूजीच्या घरचा टीव्ही आपोआप सुरू होतो, विहिरीतून सादाको बाहेर येते, काचेतून खोलीत उतरते आणि तो मरतो.

हा या चित्रपटाचा खरा धक्का. टीव्हीतून बाहेर येणं ही करामत झाली. धक्का हा की जुना उपाय चालला नाही. रेइको विचार करते, मी असं काय केलं जे त्याने केलं नाही? आणि तिला उमगतं. तिने कॅसेटची प्रत काढून दुसऱ्याला दाखवली होती. म्हणजे वाचण्याचा मार्ग एकच. शाप पुढे ढकला. शेवटच्या दृश्यात ती व्हिडिओ प्लेअर गाडीत घालून निघाली आहे. मुलाला वाचवायचं आहे. आणि ती जाते कुणाकडे? स्वतःच्या वडिलांकडे.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून इथे आम्हाला नोएल कॅरल आठवतो. 1990 सालच्या भयकथेवरच्या आपल्या पुस्तकात त्याने विचारलं होतं, की जे भयंकर आणि किळसवाणं आहे ते माणूस पैसे देऊन का बघतो? त्याचं उत्तर थोडक्यात असं, की आनंद भीतीत नसतो, तो शोधात असतो. राक्षस आहे का, कसा आहे, कुठून आला, हे हळूहळू उलगडत जाण्यात मजा आहे, आणि भीती ही त्याची किंमत. उत्तर चांगलं आहे. पण 'रिंगू' त्यालाच पाय लावून पाडतो. रेइकोला सगळं कळतं. आई कळते, बाप कळतो, विहीर सापडते, हाडं सापडतात. सगळं कळूनही काही थांबत नाही. 'मला कळलं' आणि 'मी त्याचं उत्तरदायित्व घेतलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या चित्रपटाइतकं स्पष्ट आम्हाला वर्गात कधी सांगता आलं नाही.

भरताने नाट्यशास्त्रात भयानक रसाचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक सोंगातून येणारी भीती, दुसरी अपराधातून येणारी, आणि तिसरी धास्तीतून येणारी. तो नाट्याचं शास्त्र सांगत होता, जपान त्याच्या गावीही नव्हतं. पण हे वर्गीकरण इथे कामाला येतं. अचानक दार आपटणं, मोठा आवाज, पडद्यावर झेपावणारा चेहरा, ही झाली धास्ती. चांगले जपानी भयपट मात्र दुसऱ्या प्रकारावर उभे असतात. तिथे कुणीतरी काहीतरी केलेलं असतं आणि बाकीच्यांनी ते चालू दिलेलं असतं.

आमच्या पिढीतल्या लोकांना ती पोस्टकार्डं आठवत असतील. 'हे पत्र मिळताच अशीच इतकी पत्रं लिहून पाठवा, नाहीतर संकट कोसळेल.' जपानमध्येही अशी अपशकुनी पत्रं फिरत, 1970 च्या सुमारास तर त्यांचा सुळसुळाट होता. 'रिंगू'तल्या कॅसेटची जात तीच. आता कान्टची कसोटी लावून पाहा. 'मी वाचावं म्हणून पुढच्याला संकटात घालावं' हा नियम सगळ्यांनी पाळला तर चालेल का? गंमत अशी की चालतो. साखळी तुटली नाही तर सगळे वाचतात. फक्त प्रत्येकाने प्रत्येकाला आपल्या सुटकेचं साधन मानलेलं असतं, आणि विहिरीतल्या मुलीचं नाव कुणाच्याच लक्षात राहिलेलं नसतं. आम्हाला भीती वाटते ती या व्यवस्थेची. ती इतकी सुरळीत चालते!

2002 साली याची अमेरिकन आवृत्ती आली, गोर व्हर्बिन्स्कीची 'द रिंग'. तिने जगभरात सुमारे 25 कोटी डॉलर कमावले. चित्रपट नेटका आहे, आम्ही नावं ठेवणार नाही. पण प्रत काढताना काय बदललं ते पाहण्यासारखं आहे. तिथली मुलगी समारा मुळातच विपरीत आहे, तिच्यामुळे आईबाप हैराण आहेत, आणि शेवटी आईच तिला विहिरीत ढकलते. म्हणजे दोषाचा काटा मारणाऱ्याकडून मेलेल्या मुलीकडे सरकला. दुसरा बदल शेवटी आहे. मुलगा आईला विचारतो, आपण ज्याला दाखवू त्याचं काय होणार? आई उत्तर देत नाही. तो कुणीतरी अनोळखी राहतो. नाकाताने मात्र त्या 'कुणीतरी'ला आजोबांचा चेहरा दिला होता. अनोळखी माणसाच्या गळ्यात संकट घालणं सोपं असतं. बापाच्या घालायला निघालेली रेइको आपल्याला स्वतःकडे बघायला लावते.

याच काळातला दुसरा गाजलेला चित्रपट 'जू-ऑन'. दिग्दर्शक ताकाशी शिमिझू. 2000 साली तो थेट व्हिडिओवर आला, 2003 साली चित्रपटगृहांत, आणि 2004 साली त्याच दिग्दर्शकाने अमेरिकन आवृत्तीही केली. संशयी नवऱ्याने बायकोला, कायाकोला, ठार मारलं. आता त्या घरात जो पाऊल टाकेल तो मरेल. एकाकी म्हाताऱ्या बाईची शुश्रूषा करायला आलेली तरुण सेविकाही यातून सुटत नाही. काही चाहत्यांना हा अन्याय वाटतो. तिने काय केलं होतं? बरोबर आहे, काहीच नाही. पण घरातल्या हिंसेची हीच तर रीत आहे. ती शेजारी, नातेवाईक, पुढची पिढी, कुणालाही विचारून लागत नाही. अर्थात सगळे जपानी भयपट आमच्या या चौकटीत बसत नाहीत. कियोशी कुरोसावांचा 2001 सालचा 'काइरो' घ्या. तिथली भुतं इंटरनेटवरून येतात आणि त्यांचा कुणावर राग नाही. त्यांना फक्त असह्य एकटेपणा आहे. त्याच्यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागेल.

आता चाहत्यांविषयी. एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. हे चित्रपट जगभर पोचले त्याचं मोठं श्रेय चाहत्यांना आहे. मोठे वितरक जागे होण्याआधी कॅसेटची आणि डिस्कची देवाणघेवाण यांनीच केली. ब्रिटनमध्ये टार्टन कंपनीने 'एशिया एक्स्ट्रीम' अशा नावाखाली हे चित्रपट विकायला काढले, तेही या भुकेकडे बघूनच. पण त्या नावात काय आहे पाहा. आशियातलं टोकाचं, अतिरेकी. जपान, कोरिया, हाँगकाँग सगळे एका डब्यात, आणि लेबल भीतीच्या तिखटपणाचं. मिरचीसारखं! मग चाहता विचारणार तरी काय? कोणता जास्त झोंबतो, एवढंच.

आमच्या भेटीतल्या चाहत्यांना तपशील तोंडपाठ असतात. सादाकोचं काम करणारी नटी उलटी चालत गेली आणि चित्रीकरण उलट फिरवून दाखवलं, म्हणून ती चाल तशी अंगावर येते, हे ते लगेच सांगतात. माहिती खरी आहे, आणि मोलाची आहे. पण 'तिला विहिरीत कुणी टाकलं?' असं विचारलं की पुष्कळजण अडखळतात. आम्हाला हे खटकतं.

इकडे खुद्द जपानमध्ये सादाको लाडकी झाली. 2012 साली नव्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी पांढऱ्या पोशाखातल्या सादाकोने बेसबॉलच्या सामन्याआधी मैदानात उतरून पहिला चेंडू टाकला. 2016 साली सादाको आणि कायाको यांची झुंज लावणारा चित्रपट आला. त्याची कल्पना आधी एप्रिल फूलची थट्टा म्हणून जाहीर झाली होती! कुणी म्हणेल, सर, ही मिचिझानेचीच गोष्ट झाली की. भीतीचं रूपांतर उत्सवात. आक्षेप चांगला आहे. आम्हालाही काही दिवस तसंच वाटत होतं. पण मघाशी म्हटलं ती मधली पायरी आठवा. मिचिझानेच्या बाबतीत आधी चूक कबूल झाली, उत्सव मागाहून आला. सादाकोच्या बाबतीत कबुली वगळून थेट उत्सव झाला.

यावर आणखी एक आक्षेप येईल. सादाको तर काल्पनिक आहे, कबुली द्यायची कुणाला? तर ऐका. 1910 साली जपानमध्ये मिफुने चिझुको नावाच्या एका तरुणीची परीक्षा घेण्यात आली. तोक्यो विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ फुकुराई तोमोकिची हे तिच्या अतींद्रिय दृष्टीवर प्रयोग करत होते. विद्वान जमले, शंका निघाल्या, वर्तमानपत्रांत उलटसुलट छापून आलं, लबाडीचे आरोप झाले. 1911 च्या जानेवारीत तिने विष घेतलं. वय 24. तिच्याकडे ती शक्ती होती असं आम्ही म्हणत नाही. आमचा त्यावर विश्वास नाही. पण खरी असो की खोटी, एका मुलीला भर सभेत उभं करून, मोठ्या मोठ्या माणसांनी आपापले वाद तिच्या अंगावर लढवले, हे खरं आहे. चित्रपटातल्या शिझुकोच्या मागे तिची सावली स्पष्ट दिसते. आम्ही स्वतः आयुष्यभर विद्यापीठात काढलं. त्यामुळे त्या खोलीतल्या खुर्च्यांवर बसलेली माणसं आम्हाला फार ओळखीची वाटतात.

आता त्या श्रोत्याला उत्तर. आमच्या मते सगळ्यांत भीतिदायक चित्रपट नाकातांचाच, 2002 सालचा 'डार्क वॉटर'. मूळ कथा पुन्हा सुझुकींचीच. योशिमी नावाची घटस्फोट घेणारी बाई, तिची लहान मुलगी इकुको, ओल आलेली जुनी इमारत, छतातून गळणारं पाणी. मुलीच्या ताब्यावरून नवऱ्याशी वाद चालू आहे. त्या काळच्या जपानी कायद्यात घटस्फोटानंतर मूल एकाच पालकाकडे जात असे. हा कायदा 2024 साली बदलला. म्हणजे योशिमीला कामावर उशीर झाला, मूल शाळेत ताटकळलं, तरी ते तिच्याविरुद्ध पुरावा ठरू शकतं. चित्रपटातलं भूत म्हणजे मित्सुको, एक लहान मुलगी. पावसात बालवाडीत थांबली होती, न्यायला कुणी आलं नाही. पुढे ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पडून मेली, आणि सगळी इमारत तेच पाणी पीत राहिली.

यातली मला, म्हणजे आम्हाला, सगळ्यांत भिववणारी जागा म्हणजे बालवाडीचा दरवाजा. बाकीची मुलं गेली, बाहेर पाऊस, एक मूल उभं आहे. योशिमीही लहानपणी तशीच उभी होती, चित्रपट तिथूनच सुरू होतो. आता तिची मुलगी उभी आहे. आणि मित्सुको अजून उभीच आहे. शेवटी लिफ्टमध्ये योशिमीच्या गळ्याला मित्सुको बिलगते. रेइकोने शाप पुढे दिला. योशिमी तो पुढे देत नाही. आपल्या मुलीला दूर ठेवून ती या परक्या मुलीची आई होते, आणि तिच्याबरोबर जाते. किंमत मोठी आहे. इकुको आईवाचून वाढते. हे उत्तर बरोबर आहे असंही आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. आपल्या पोराला पोरकं करून दुसऱ्याच्या पोराला जवळ घ्यावं का? दिग्दर्शकाने हिशेब पूर्ण करून दिलेला नाही. पण चार वर्षांच्या अंतराने एकाच माणसाने दोन आयांना दोन उत्तरं देऊन पाहिली, आणि ही दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की 'जास्त भीतिदायक कोणता' हा प्रश्न थोडा मोठा होतो.

2016 साली जपानमधल्या फुनाई कंपनीने व्हिडिओ रेकॉर्डर बनवणं थांबवलं. तो बनवणारी ती जगातली शेवटची कंपनी मानली जात होती. कॅसेट गेली, पण पुढे ढकलण्याची सवय गेली नाही. आपल्या फोनवर रोज कुणाच्या तरी मरणाची, मारहाणीची, बेअब्रूची चित्रफीत येते. आपण ती बघतो, हळहळतो आणि पुढे पाठवतो. पाठवली की जरा हलकं वाटतं. रेइकोला वाटलं तसंच.

तेव्हा चाहत्यांनो, चित्रपट जरूर बघा, मित्रांना दाखवा, रात्री दिवे मालवून बघा. आमची काही हरकत नाही. फक्त संपल्यावर 'किती घाबरलास?' याच्या बरोबरीने आणखी एक विचारा. 'यात कुणाचं म्हणणं ऐकायचं राहून गेलं?' परवाच्या त्या मुलालाही आम्ही हेच सांगू. तो आज आला असेल तर त्याने हात वर करावा, पहिला प्रश्न त्याचा घेऊ.